पहाटे तीन वाजता आजीशी गप्पा

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांचे काका, मामा, मावशी किंवा आत्या परदेशात राहतात? हात वर करा पाहू! आमच्या वर्गात मी हा प्रश्न विचारला, की निम्मे हात वर होतात. कुणाचे बाबा मस्कतला, कुणाचा मामा दुबईला, तर कुणाचा काका मोठ्या मालवाहू बोटीवर. आमचा रत्नागिरी जिल्हाच तसा. पूर्वी माणसं मुंबईला चाकरीला जायची आणि गणपतीला, शिमग्याला गावी यायची. आता काही जण मुंबईच्याही पुढे, समुद्रापलीकडे जातात. येणं मात्र रोजचं राहिलं नाही.

अशी माणसं सुट्टीवर घरी आली, की काय धमाल असते! बॅगा उघडतात, चॉकलेटं निघतात, घर माणसांनी भरून जातं. पण आज मी तुम्हांला सांगणार आहे ती गोष्ट नुसत्या धमालीची नाही. तिच्यात माझी स्वतःची एक चूकही आहे. बाईंचीही चूक होते, बरं का!

सहा वर्षांनी

माझा दादा, म्हणजे थोरला भाऊ, अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहतो. आमचं घर राजापूर तालुक्यात, कौलारू, पुढे पडवी आणि मागे माडाची झाडं. या दोन घरांमधलं अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर!

२०१६ साली दादा आला होता तेव्हा त्याची मुलगी चार वर्षांची होती. २०२० साली पुन्हा यायचं ठरलं, तिकिटंही काढली, आणि करोनाची साथ आली. आपल्या देशात येणारी-जाणारी नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं २३ मार्च २०२० पासून बंद झाली. ती पूर्ववत सुरू झाली थेट २७ मार्च २०२२ला. मधल्या काळात काही खास विमानं ये-जा करत, पण त्यांतून येणं सोपं नव्हतं.

त्याच काळात, २०२१ साली, आमचे वडील गेले. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. दादाला येता आलं नाही. त्याने सगळं मोबाईलच्या पडद्यावर पाहिलं. मध्येच रेंज गेली, तेवढा वेळ तर तेही दिसलं नाही.

म्हणून २०२२च्या जुलैत दादा, वहिनी, दहा वर्षांची भाची आणि पाच वर्षांचा भाचा यायला निघाले, तेव्हा आमच्या घरी नुसता आनंद नव्हता. आनंदात थोडं रडूही मिसळलेलं होतं.

तुम्ही म्हणाल, जुलैत कशाला? आंबे-फणसांच्या दिवसांत, मे महिन्यात का नाही? त्याचं कारण असं, की तिथल्या शाळांची मोठी सुट्टी जूनच्या शेवटी सुरू होते. आपली शाळा सुरू झाली, की त्यांची बंद! तेव्हा अमेरिकेतली भावंडं येतात ती बहुधा भर पावसात.

मुंबईला उतरून मंडळी कोकण रेल्वेने आली. ही रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो. त्या अंधारात भाचा घाबरून दादाच्या मांडीवर जाऊन बसला म्हणे. पावसाळ्यात या मार्गावर गाड्या मुद्दाम हळू सोडतात, त्यामुळे घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती.

आई उंबऱ्याशी उभी होती. तिने चौघांवरून भाकरतुकडा ओवाळला आणि अंगणात टाकला. डोळ्यांना पाणी लावलं. भाची हळूच म्हणाली, "आजी भाकरी का फेकली?" पण त्या गडबडीत तिला कुणी उत्तर दिलं नाही. दादा आत आलाच नाही. पडवीत नानांची आरामखुर्ची आहे, तिच्या हातावर हात ठेवून तो बराच वेळ पावसाकडे बघत उभा राहिला. आम्हीही त्याला हाक मारली नाही.

मी भूक आहे

दुसऱ्या दिवशी सगळं घर गोळा झालं. काका-काकू आले, आतेभावंडं आली, धाकट्या भावाची मुलं तर घरातच होती. मी शाळेतून चार दिवसांची किरकोळ रजा काढून माझ्या मुलाला घेऊन आले होते. स्वयंपाकघरात घावन चालले होते. एवढ्यात भाची दारात आली आणि मोठ्याने म्हणाली,

"आजी, मी भूक आहे!"

झालं! सगळ्या घरात हशा पिकला. माझा आठ वर्षांचा मुलगा तर पोट धरून हसला. "मी भूक आहे, मी भूक आहे," म्हणत तो पडवीभर नाचू लागला. मग बाकीच्यांनाही चेव आला. काकांनी तिला बोलावून मुद्दाम पुन्हा म्हणायला लावलं. कुणी म्हणालं, "अगं, अमेरिकेची मडम ती!" आणि मुलांनो, खरं सांगते, मीही हसले.

पोर लालबुंद झाली. घावन न खाताच आत निघून गेली. त्यानंतर दिवसभर ती एक शब्द मराठीत बोलली नाही. काही विचारलं, की 'येस' नाहीतर 'नो'. संध्याकाळी काकू म्हणाल्या, "बघा, अमेरिकेतल्या मुलांना आपली भाषा नकोच असते."

खरंच नको होती का तिला? मग ती आजीकडे मराठीत का बोलायला आली असती?

माझ्या वर्गात एखादं मूल वाचताना अडखळलं आणि दुसरं हसलं, तर मी लगेच थांबवते. चुकेल म्हणून घाबरणारं मूल बोलायचंच सोडून देतं, हे डी.एड.ला शिकलेय आणि रोज डोळ्यांनी पाहतेय. आणि माझ्याच घरी, माझ्याच भाचीला, मी हसले होते.

पोटातलं नव्हे, डोक्यातलं घड्याळ

आता थोडा भूगोल आणि थोडं विज्ञान. कंटाळू नका हं, गोष्टीतली पुढची गंमत यातच आहे!

पृथ्वी स्वतःभोवती ३६० अंश फिरायला २४ तास घेते. म्हणजे एका तासाला १५ अंश आणि एका अंशाला ४ मिनिटं. आपली भारतीय प्रमाणवेळ ८२॥ अंश पूर्व रेखावृत्तावरून धरतात. ८२॥ला ४ने गुणा, ३३० मिनिटं आली ना? म्हणजेच आपलं घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. न्यू जर्सीचं घड्याळ ग्रिनिचच्या पाच तास मागे असतं. उन्हाळ्यात तिथे सगळेच आपली घड्याळं एक तास पुढे करतात, तेव्हा ते चारच तास मागे. साडेपाच आणि चार, झाले साडेनऊ तास!

आता सांगा, आपल्याकडे पहाटेचे तीन वाजले, तर न्यू जर्सीत किती? आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेपाच. मुलांची खेळायची वेळ.

विमान माणसाला एका दिवसात इकडे आणून सोडतं, पण आपल्या मेंदूतलं घड्याळ एवढ्या झटकन फिरत नाही. हो, मेंदूत घड्याळ असतं! डोळ्यांच्या मागच्या बाजूला, मेंदूच्या तळाशी सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका असतो, तांदळाच्या दाण्याएवढाही नाही. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून तो दिवस-रात्र ओळखतो आणि झोप कधी यावी ते ठरवतो. शरीरातलं हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं, याचा शोध जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या शास्त्रज्ञांनी लावला. त्यासाठी त्यांना २०१७चं नोबेल पारितोषिक मिळालं. आणि शोध कशावर लावला, ठाऊक आहे? पिकलेल्या फळांवर घोंघावणाऱ्या फळमाशीवर!

हे घड्याळ दिवसाला साधारण एखादा तासच सरकतं. म्हणून लांबून आलेल्या माणसांना दिवसा पेंग येते आणि रात्री टक्क जाग. ती आळशी नसतात, की आपल्याला कंटाळलेली नसतात. त्यांचं घड्याळ अजून घरी पोचायचं असतं, एवढंच.

चुलीपाशी

त्या रात्री पावसाने जोर धरला आणि वीज गेली. मला मध्येच जाग आली. पहाटेचे तीन वाजले असतील. स्वयंपाकघरातून कुणाचा तरी हलका आवाज येत होता. मी कान दिला. आई आणि भाची!

"झोप नाय येत गो, बाय?"

"नाही. माझा झोप तिकडे राहिला."

आई हसली नाही. म्हणाली, "माझी पण झोप गेली बघ. तुझे नाना गेले तेव्हापासून तीनला डोळे उघडतात. मग चूल पेटवते आणि बसते."

मुलांनो, मी अंथरुणात उठून बसले. आई रोज पहाटे एकटी चुलीपाशी बसते, हे आम्हां कुणालाच माहीत नव्हतं. शेजारच्या खोलीत झोपणाऱ्या माझ्या धाकट्या भावालासुद्धा नाही. ते कळलं पहिल्यांदा साडेबारा हजार किलोमीटरवरून आलेल्या मुलीला.

आईने निखाऱ्यात फणसाच्या आठळ्या भाजायला टाकल्या. मे महिन्यापासून तिने त्या नातवंडांसाठी जपून ठेवल्या होत्या. एकेक वस्तू दाखवत ती नाव सांगत होती, "ही फुंकणी. हा पाट. ही रवळी." भाची प्रत्येक शब्द दोनदा म्हणत होती. मग तिने विचारलं, "आजी, काल भाकरी का फेकली?"

"दृष्ट काढली गो. लांबून आलात, वाटेत काय बाधलं असलं तर त्या तुकड्याबरोबर जाऊ दे, म्हणून." कालचं उत्तर आज मिळालं.

मग आईने विचारलं, "तुझ्या गावाचं नाव जर्सी. आमच्याकडे जर्सी गाय असते. मग काय, गायीचं नाव गावाला दिलं?"

भाचीने सांगितलं, "नाही आजी. इंग्लंडच्या बाजूला एक बेट आहे. त्याची नाव जर्सी. गाय तिथून आली. आमच्या राज्याचा नाव पण तिथून आला." अगदी खरं आहे हं हे! नामं-सर्वनामं गडबडली होती, पण माहिती चोख होती. मलाही ती नवीनच होती.

मग आईला इंग्रजी शिकायची हौस आली. "सकाळच्या न्याहारीला काय म्हणता?"

"ब्रेकफास्ट."

"बेरकफास."

"ब्रेक… फास्ट."

"बेरकफास."

तिसऱ्यांदाही बेरकफास! मला हसू आवरेना, मी तोंडात पदर कोंबला. पण भाची हसली नाही. ती म्हणाली, "गुड, आजी. जवळ आला."

तेव्हा मात्र माझं हसू पळालं. दहा वर्षांच्या त्या पोरीने मला धडा शिकवला होता.

पुढे ती नानांविषयी बोलू लागली. दर रविवारी नाना फोनवर तिला विचारायचे, "काय जेवलीस? शाळेत काय झालं?" आणि मराठीत सांगितल्याशिवाय फोन ठेवू द्यायचे नाहीत. नाना गेले आणि ते लांबलचक फोनही थांबले. आम्ही मोठी माणसं दादाशी बोलायचो, मुलांना फक्त 'हॅलो' म्हणायला लावायचो. तिचं मराठी का अडखळत होतं, ते मला आत्ता उमगलं. ज्यांच्याशी ती ते बोलायची, ते माणूसच उरलं नव्हतं.

कझिन म्हणजे कोण?

सकाळी मी आधी भाचीची माफी मागितली. "मी काल हसले, ते चुकलं माझं," म्हटलं. ती म्हणाली, "इट्स ओके, आत्या." मग माझ्या मुलाला समोर बसवलं. त्याला रागावले नाही, कारण हसण्यात मीही होतेच. त्याला म्हटलं, "तू हिला इंग्रजीत सांग पाहू, 'पाऊस थांबला की आपण नदीवर जाऊ.'" त्याने डोकं खाजवलं, दोन शब्द बोलला आणि गप्प झाला. "आता कळलं, कसं वाटतं ते?" एवढंच मी विचारलं.

त्यानंतर आम्ही जुन्या कॅलेंडरचा कागद उलटा केला आणि त्यावर नात्यांचं झाड काढायला बसलो. भाची प्रत्येकाला 'कझिन' म्हणत होती. मी म्हटलं, "आपल्याकडे असं नाही चालत! काकाचा मुलगा चुलतभाऊ, मामाचा मामेभाऊ, मावशीचा मावसभाऊ आणि आत्याचा आतेभाऊ. इंग्रजीत एक शब्द, आपल्याकडे चार."

"मग हा?" तिने माझ्या मुलाकडे बोट दाखवलं.

"हा तुझा आतेभाऊ. आणि तू त्याची मामेबहीण."

तिला याची फार मजा वाटली. नातं एकच, पण कुणाच्या जागी उभं राहून पाहतो त्यावर त्याचं नाव ठरतं! नात्यांच्या अशा शब्दांचा अभ्यास मोठमोठ्या विद्वानांनी केला आहे. इरावती कर्वे यांनी तर भारतभरच्या नातेसंबंधांवर ग्रंथच लिहिला, तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. आणि गंमत पाहा, इरावतीबाईंचा जन्मही परदेशातला! १९०५ साली त्या ब्रह्मदेशात जन्मल्या आणि तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव ठेवलं गेलं. पुढे शिकायला त्या पुण्याला आल्या. म्हणजे दूर देशी जन्मलेलं मूलही आपलंच असतं, नाही का?

झाडावर बेचाळीस नावं झाली. नानांचं नाव लिहिताना भाचीने विचारलं, "ते नाहीत, तरी लिहायचं?" आई म्हणाली, "ते नसते तर यातलं अर्धं झाड असतं का गो?"

चिखल आणि गजर

पुढचे दिवस कसे गेले कळलंच नाही. भातलावणी सुरू होती. सगळी मुलं तरवा घेऊन शेतात. भाची पहिल्या पावलालाच गुडघाभर चिखलात रुतली. तिला बाहेर ओढताना माझा मुलगाही पडला आणि दोघं चिखलाचे गणपती होऊन घरी आले. दोघांनी एक करार केला होता. तिने एक इंग्रजी शब्द द्यायचा, त्याने एक मराठी. चुकलं तर हसायचं नाही, पुन्हा म्हणायचं.

नवव्या दिवशी भाची सकाळी रडवेली होऊन उठली. "आजी, मला का नाही उठवलं?" तिच्या डोक्यातलं घड्याळ आता गावच्या वेळेला लागलं होतं आणि ती सहापर्यंत गाढ झोपली होती! त्या रात्री तिने आईच्या मोबाईलवर पहाटे चारचा गजर लावला. जाईपर्यंत रोज लावला.

तीन आठवड्यांनी मंडळी निघाली. नात्यांचं झाड गुंडाळी करून तिने बॅगेत घेतलं. रिक्षा वळेपर्यंत आई पडवीत उभी होती. मग नानांच्या खुर्चीत बसली. नाना गेल्यापासून त्या खुर्चीत आम्ही कुणी बसलो नव्हतो.

आता दर रविवारी सकाळी साडेसहाला आईचा फोन वाजतो. तिकडे शनिवारची रात्र, नऊ वाजलेले असतात. त्या वर्षी नोव्हेंबरात एकदा साडेसहा झाले, सात झाले, फोन येईना. आई कासावीस. फोन आला साडेसातला! तिथली घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे केली होती ना! आता आईला ते पाठ झालंय. भाचीचं मराठी अजून चुकतं, आईचं 'बेरकफास' अजून तसंच आहे, आणि गप्पा मात्र अर्धा-अर्धा तास चालतात.

एवढं कराल?

मुलांनो, तुमच्याही घरी लांबून कुणी भावंडं आली, तर या गोष्टी लक्षात ठेवा:

१. त्यांची भाषा चुकली तर हसू नका. बरोबर वाक्य सहज आपल्या बोलण्यात म्हणा, त्यांना आपोआप कळेल.

२. बॅगेत काय आणलं, हे विचारण्याआधी प्रवास कसा झाला, ते विचारा.

३. पहिले आठ दिवस त्यांना दुपारी पेंग आली तर चिडवू नका. दिवसाच्या उजेडात बाहेर खेळायला न्या, त्यांचं घड्याळ जुळायला मदत होईल.

४. आजी-आजोबांना विचारून नात्यांचं झाड काढा. जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू पुरते. प्रत्येक नावासमोर त्या व्यक्तीशी तुमचं नातं लिहा. अडेल तिथे घरात विचारा.

५. आणि एक खास काम. तुमची आजी किंवा आजोबा पहाटे किती वाजता उठतात आणि तेव्हा काय करतात, ते शोधून काढा. त्यासाठी परदेशातून यावं लागत नाही!

पालकहो, एक विनंती तुम्हांलाही. फोनवर मुलांना नुसतं 'हॅलो म्हण' सांगून फोन काढून घेऊ नका. पाच मिनिटं त्यांची त्यांना बोलू द्या. आणि परदेशातून आलेल्या मुलाला चारचौघांत 'मराठीत बोलून दाखव' म्हणू नका. भाषा ही दाखवायची वस्तू नाही, कुणाशी तरी बोलायची गोष्ट आहे. ते 'कुणीतरी' घरात असलं, की मूल बोलतंच.

मग, येत्या रविवारी पहाटे कोण कोण उठणार?